दहा घरच्या चिठ्ठ्या

सुशिलाबाईंचा नवऱ्यावर भरवसा होता, नवऱ्याच्या फोनवर नव्हता. त्यात फोनचा तरी काय दोष म्हणा! दरेकशाच्या पुढं जंगलात शिरलं की त्यांचा आंबेटोला लागतो, साठेक घरांचा, आणि तिथं मोबाइलची रेंज म्हणजे उंबराचं फूल. लेकीबाळींशी बोलायचं असलं तर मागच्या टेकडीवर चढायचं, मोहाच्या झाडाखाली एका ठरावीक दगडावर उभं राहायचं आणि फोन कानाला लावून हलायचं नाही. दगडावरून पाय घसरला की बोलणं तुटलं.

ग्रामपंचायतीत मात्र इंटरनेटची तार आलेली होती, आणि नवऱ्याचं, म्हणजे दुलीचंद पटल्यांचं, घर पंचायतीला लागूनच. म्हणून ती तार भिंत ओलांडून सुशिलाबाईंच्या ओसरीतही आली. ओसरीत एक जुना कॉम्प्युटर होता. लेक रीता नागपूरला नर्स. तिनं नवा घेतला तेव्हा जुना आईला आणून दिला, "अंगणवाडीतून रिटायर झालीस, आता बसून काय करशील?" असं म्हणून. बसून काय करशील! लेकींना वाटतं, आई रिकामीच असते. या बाईनं सहा वर्षांत दोन बोटांनी टाइप करून चारशे बारा गाणी इंटरनेटवरच्या आपल्या खात्यात भरली होती. रोवणीची गाणी, म्हणजे चिखलात वाकून धानाची रोपं लावताना बाया म्हणतात ती. कोणी म्हटलं, कोणाकडून शिकली, माहेर कोणतं, सगळं खाली लिहिलेलं. त्यातल्या चार जणी आता या जगात नव्हत्या, आणि त्यांची गाणी त्या खात्याशिवाय दुसरीकडं कुठंच नव्हती.

तर फाल्गुनातल्या एका सकाळी पडद्यावर सूचना आली. पंधरा दिवसांनंतर नुसत्या पासवर्डनं खातं उघडणार नाही, दुसरी खूणही लागेल. फोन नंबर द्या, आम्ही त्यावर कोड पाठवू.

"आयकलं का?" सुशिलाबाईंनी आत हाक मारली. "हा फोन मांगून राहिला."

"देऊन टाक माहा," दुलीचंद म्हणाले. "तसाही थो खुंटीवर लटकूनच रायते."

मग सुरू झाला तमाशा. दहाच्या गाडीची शिटी ऐकू आली की सुशिलाबाईंनी खाली बटन दाबायचं, तोवर दुलीचंदांनी टेकडीवर दगड गाठायचा, असं ठरलं. कोड आला. दुलीचंदांनी तो तळहातावर लिहिला आणि गुडघा धरत धरत उतरले. ओसरीत पोचेपर्यंत पाव तास झाला होता आणि कोडाचं आयुष्य दहाच मिनिटांचं. दुसऱ्या दिवशी मध्यावर शेजारच्या भैय्यालालला उभं केलं. दुलीचंद वरून ओरडले, भैय्यालाल खाली ओरडला, सारा टोला बाहेर आला, आणि घाईत सुशिलाबाईंनी दोन आकडे उलटे मारले. तिसऱ्यांदा तसंच झाल्यावर पडद्यानं सांगितलं, आज फार प्रयत्न झाले, उद्या या.

"उद्या तूच चढ बापा!" सुशिलाबाई पडद्यावर खेकसल्या.

हा आरडाओरडा पंचायतीत ऐकू गेला. तिथं कॉम्प्युटरवर दाखले काढून द्यायला दुर्गेश्वरी बसायची. गावचीच सून, हुशार पोरगी, तोंडानंही फटकळ. दुपारी ती भिंतीपलीकडून आली.

"काकू, याले फोन लागतच नाही," ती म्हणाली. "पासवर्ड म्हणजे एक चावी. दुसरी चावी फोनवरच आली पायजे, असं कोणी सांगितलं तुमाले? थे चावी बनवणारा प्रोग्राम या कॉम्प्युटरमधीच बसवता येते."

दुर्गेश्वरीनं तो प्रोग्राम बसवला, खात्यानं दिलेली लांबलचक अक्षरांची ओळ त्यात भरली, आणि पडद्याच्या कोपऱ्यात सहा आकडे उमटले. अर्ध्या मिनिटात ते गेले, दुसरे सहा आले.

"नेट नसलं तरी बदलते का हे?"

"नेट नसलं तरी. घड्याळावर चालते."

सुशिलाबाई चहा विसरून बघत बसल्या. दुलीचंद मागं येऊन उभे राहिले. "कोंबडीपेक्षा बरी हाय," ते म्हणाले, "दाणापाणी नाही आन् अंडी देऊनच राहिली." टेकडी टळली म्हणून तेही खुशीत होते.

जाताना दुर्गेश्वरीनं एक कागद छापून दिला. त्यावर आठ-आठ आकड्यांचे दहा कोड होते. "हा प्रोग्राम या डब्यात बसला, काकू. डब्बा बिघडला का चावीही गेली. मंग हे दहा कामी येतीन. एक आकडा एकदाच चालते. कॉम्प्युटरजवळ ठेवू नका, आन् सारे एका जागी तं बिलकुल ठेवू नका."

शेवटचं वाक्य सुशिलाबाईंना फारच पटलं. दुर्गेश्वरीला म्हणायचं होतं त्याहून जास्त पटलं.

कारण आंबेटोल्यात धानाचं बियाणं कोणी आपल्या घरी ठेवत नाही. पूर्वापार रीतच तशी. आपलं बी सोबतिणींच्या घरी ठेवायचं, त्यांचं आपल्याकडं. एका घरी उंदीर लागले, एका घरी आग लागली, तरी बाकीच्या घरांतून बी निघतं. आणि आपल्या घरचं बी उन्हाळ्यात भूक लागली की आपणच कांडून खातो. दुसऱ्याच्या ठेवीला हात लागत नाही. सुशिलाबाईंनी कात्री घेतली, कागदाच्या दहा पट्ट्या केल्या आणि रोवणीच्या टोळीतल्या दहा जणींच्या घरी पोचवल्या. "ठेव हाय," एवढंच सांगितलं. बाकी सांगायची गरजच नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुर्गेश्वरीनं कपाळावर हात मारला. "काकू! आकडे गावभर वाटले?"

"पासवर्ड माह्याजवळच हाय ना? मंग एक चावी घेऊन कोण काय करन?"

दुर्गेश्वरीला मान हलवावी लागली. मुद्दा बरोबर होता. "पण एक तरी घरी ठेवायचा होता."

"घरचं बी पोटात जाते."

"आकडे कोणी खात नाही, काकू!"

दोघी हसल्या, आणि विषय तिथंच राहिला.

आता त्या दहा जणींतली दहावी, तिची गोष्ट वेगळी. सुलोचनाबाई. दुर्गेश्वरीची सासू आणि टोळीची म्होरकी. रांगेच्या टोकाला उभी राहून गाणं उचलायची ती तीच, आणि तिच्यासारखा गळा त्या पट्ट्यात नाही. पण चारशे बारा गाण्यांत तिचं एकही नव्हतं. तीन वर्षांपूर्वी सुशिलाबाई वही घेऊन गेल्या तेव्हा तिनं साफ सांगितलं, "गाणं कागदावर ठेवत नसतात. तोंडात असते थे. लिवून ठेवलं का बाया म्हणाचं सोडतीन." सुशिलाबाईंचाही पारा चढला. त्या बोलून गेल्या, "मंग तुही गाणी तुह्यासंगच जळतीन!" बोलायला नको होतं. पण सुटला शब्द. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. सुलोचनाबाई गायला लागली की सुशिलाबाई बांधीकडं, धानाच्या वाफ्याकडं, फिरकत नसत.

तरी टोळी दहाची, चिठ्ठ्या दहा. एकीला वगळणं रीतीत बसत नव्हतं. सुशिलाबाईंनी तिची चिठ्ठी सुनेच्या हाती पाठवली. दोन दिवसांनी दुर्गेश्वरीनं मान खाली घालून सांगितलं, "काकू, सासूबाईनं थे चिठ्ठी चुलीत टाकली. माह्या डोळ्यासमोर."

सुशिलाबाईंना वाईट वाटलं. आकड्याचं नाही, नऊ होते ना अजून. ठेव जाळली याचं वाटलं.

उन्हाळा गेला, पेरणी झाली, पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, हातभर वाढले आणि रोवणी सुरू झाली. एका दुपारी गेलेली लाइन परत आली ती एवढ्या जोरानं आली की ओसरीतला बल्ब फुटला, दुलीचंदांचा पंखा गरगरला आणि कॉम्प्युटरमधून धूर निघाला. गोंदियाचा कारागीर म्हणाला, काही उरलं नाही, जळून कोळसा झाला.

"जळू दे," सुशिलाबाई म्हणाल्या. "गाणी तं खात्यात हायेत." आणि त्या पंचायतीत दुर्गेश्वरीच्या कॉम्प्युटरवर बसल्या. पासवर्ड घातला, तो चालला. मग पडद्यानं दुसरी चावी मागितली. चावीचा प्रोग्राम कोळशात गेला होता.

"चिठ्ठी आणा एक, काकू."

आणि तिथून त्या नऊ घरं हिंडल्या. काय सांगावं! ठेव म्हटल्यावर चौघींनी चिठ्ठी कुठं ठेवली असेल? बियाण्याच्या मडक्यात. राख आणि कडुनिंबाच्या पाल्यासोबत, नीट जपून. आणि पेरणीच्या दिवशी ते मडकं उपडं केलं, बी भिजवलं आणि टोपलीनं पेरून टाकलं. चारही चिठ्ठ्या पऱ्ह्यांच्या चिखलात गेल्या. "उगवली नाही व एकही," दुधरामची बायको खरंच दुःखानं म्हणाली. उदारामच्या आणि भैय्यालालच्या घरच्या उंदरांनी नेल्या. केशोरावच्या बायकोनं चिठ्ठी देव्हाऱ्यात ठेवली होती आणि रोज मनोभावे कुंकू वाहिलं होतं. तिच्यावर कागद कुठला आणि आकडा कुठला ते देवालाच ठाऊक. एक पदराच्या गाठीत राहून नाल्यावर धुतली गेली. नववी लेकीच्या सामानात तिरोड्याला गेली होती. दुलीचंद गुडघा धरून टेकडी चढले, लेकीला फोन लावला, तिनं घर उलथंपालथं केलं. नाही सापडली.

दुर्गेश्वरीनं खातं चालवणाऱ्या कंपनीला अर्ज लिहिला. उत्तर आलं, आपला नोंदवलेला फोन नंबर कळवा. तो तर कधी नोंदलाच गेला नव्हता.

त्या दिवशी सुशिलाबाई जेवल्या नाहीत. चार मेलेल्या बायांची गाणी त्यांनी आठवतील तेवढी आठवून बघितली. एकीचं ध्रुपद आलं, पुढं नाही. दुसरीची चाल आली, शब्द नाहीत. सहा वर्षं आपण लिहून मोकळं होत गेलो, ध्यानात ठेवलंच नाही, हे त्यांना तेव्हा कळलं. दुलीचंद नुसते शेजारी बसून राहिले. चेष्टा केली नाही, यावरून काय ते समजा.

दुसऱ्या दिवशी टोळी त्यांच्याच शेतात होती. मालकिणीनं चहा घेऊन गेलंच पाहिजे. किटली घेऊन त्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, गेल्या तेव्हा बाया गुडघाभर चिखलात रांगेनं वाकलेल्या होत्या. टोकाला सुलोचनाबाई.

सुलोचनाबाईनं मान वर केली, बघितलं, आणि शेजारणीला म्हणाली, "तिले पूस व, तोंड काऊन उतरलं?"

शेजारीण तोंड उघडायच्या आधीच सुशिलाबाई बोलल्या. "गाणी गेली. चारशे बारा. चिठ्ठ्या साऱ्या गेल्या, खातं उघडत नाही."

हातातली रोपांची पेंढी तशीच धरून सुलोचनाबाई उभी राहिली. "साऱ्या कशा जातीन? माही हाय ना."

"तुही तं चुलीत गेली! तुह्या सुनेनं पाह्यलं."

"कागद गेला चुलीत. उंदराले घालाले ठेवू का त्याले?" सुलोचनाबाई चिडून म्हणाली. बाजारहाट केलेली बाई, अक्षर येत नसलं तरी आकडे सगळे ओळखत होती. "ठेव म्हणून धाडली ना तू? मंग ठेवली. बोलत नसलो म्हणून का ठेव बुडवू?"

आणि तिनं वाकून रोप रोवलं, आणि गाणं उचललं.

चार बैलं गोठ्यात, सात बांध्या धानाच्या,
दोन नंदा, दोन जावा, साऱ्या हलक्या कानाच्या.
रिकामी माही टोपली, नऊ कोसांवर माहेर,
एक भाऊ येईल व बाई, पाच लुगड्यांचा आहेर.

बाकीच्या नऊ जणींनी पाठोपाठ झेललं. रोवणी लागल्यापासून रोज म्हणत होत्या त्या. सुशिलाबाईच तेवढ्या बांधीकडं फिरकल्या नव्हत्या.

त्या बोटांवर मोजू लागल्या. चार, सात, दोन, दोन. मग अडल्या. "टोपलीत किती व?"

"रिकामी म्हणलं ना! रिकाम्यात किती रायते?"

शून्य. नऊ, एक, पाच. बरोब्बर आठ. सुशिलाबाईंनी किटली धुऱ्यावर ठेवली आणि सवयीनं कमरेशी हात नेला. पेन नव्हता. कागदही नव्हता. चिखलात बरबटलेल्या दहा बायांपैकी कोणाकडं असणार?

"म्हणत जा," सुलोचनाबाई म्हणाली. "थांबू नको. तुले सवय नाही, इसरशील."

मग काय, निघाल्या म्हणत. एकसष्ट वर्षांची बाई, अंगणवाडीची रिटायर मॅडम, धुऱ्याधुऱ्यानं मोठ्यानं गात चालली. वाटेत भैय्यालालनं रामराम घातला. त्यांनी हातानंच बाजूला हो म्हटलं. घरासमोर दुलीचंद उभे होते. "काय गडबड व? चाय कुठी?" यावर त्यांना "दोन नंदा, दोन जावा, साऱ्या हलक्या कानाच्या" असं उत्तर मिळालं, आणि बायको पुढं निघून गेली. दुलीचंद घाबरून मागं मागं आले.

पंचायतीत शिरल्या त्या गातच. "आकडे मार!" एका श्वासात त्यांनी दुर्गेश्वरीला सांगितलं आणि पुन्हा पहिल्यापासून धरलं. दुर्गेश्वरीला आधी काही समजेना. मग चार बैलं कानावर पडली, सात बांध्या पडल्या, आणि तिचे डोळे मोठे झाले. "अगं माय! हे तं सासूबाई भांडी घासतानाही म्हणते!" तिनं एकेक आकडा मारला. टोपलीपाशी सुशिलाबाई स्वतःच ओरडल्या, "शून्य!"

खातं उघडलं. पहिलं गाणं, दुसरं, सगळी चारशे बारा, जशीच्या तशी. मेलेल्या चौघींपैकी एकीचं नाव वर दिसलं तशी सुशिलाबाईंना रडूच कोसळलं. पदरात तोंड घालून त्या रडल्या आणि रडता रडता हसल्या. दुलीचंदांनी खिडकीतून विचारलं, "झालं का? मंग आता तरी चाय भेटन?"

दुर्गेश्वरीनं आधी सगळी गाणी पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली, मग चावीचा प्रोग्राम नव्यानं बसवला, मग नवे दहा आकडे छापले. तेवढ्यात दारात सुलोचनाबाई आली. गुडघ्यापर्यंत चिखल, म्हणून आत येईना, उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"भेटली का?"

"भेटली," सुशिलाबाई म्हणाल्या. आणि तीन वर्षं राहून गेलेलं बोलून टाकलं. "त्या दिवशी मी तुले वाईट बोलली. जळतीन म्हणली. चुकलं माहं."

"हो, चुकलंच," सुलोचनाबाई म्हणाली. तिच्याकडं असलं काही गोड करून घ्यायची पद्धत नव्हती. "मीही चिठ्ठी तुह्यावर रागावूनच जाळली. पण आधी पाठ केली." मग तिनं सुनेच्या हातातल्या नव्या कागदाकडं बोट दाखवलं. "यातली माही कोणती?"

दुर्गेश्वरी म्हणाली, "सासूबाई, आता नवीन आकडा पाठ करा लागन. थो जुना मेला. एकदाच चालते थो."

"आकडा मेला असन," सुलोचनाबाई म्हणाली. "गाणं कायले मरते? उद्याही म्हणू."

सुशिलाबाईंनी खुर्ची पुढं ओढली. शेवटच्या गाण्याखाली त्यांनी चारशे तेरा असा आकडा टाकला. गाणारीचं नाव लिहायच्या ठिकाणी बोट नेलं आणि तसंच थांबवलं. दाराकडं बघून त्यांनी विचारलं, "लिवू का व?"

सुलोचनाबाईनं पायाचा चिखल उंबऱ्याला पुसला आणि आत येऊन त्यांच्या मागं उभी राहिली.

"लिव," ती म्हणाली. "पण पयले माह्यासंग एक डाव म्हण. न पाहता."